कॅज्युअल्टीचे जावई

"जावई आले."

वॉर्डातल्या अंजिरामावशीनं दारातूनच वर्दी दिली आणि मी हातातला ट्रे टेबलावर आपटला. मे महिन्यातली सकाळ होती. पंखा गरम वारा ढवळत होता, ओपीडीची रांग फाटकापर्यंत गेली होती. आत एक म्हातारी उन्हानं भोवळ येऊन पडलेली, आणि आंब्यावरून पडून हात मोडून घेतलेला एक बाप्या आईच्या नावानं बोंबलत होता. पंख्याखालची कॉट तेवढी आत्ताच रिकामी झाली होती. ती रिकामी झाल्याचा वास या माणसाला घरबसल्या येतो की काय, असं मला दर वेळी वाटायचं.

मी आवळे सिस्टर. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात कॅज्युअल्टीची इन्चार्ज होते तेव्हा. माझा स्वभाव आडनावाला शोभेल इतका आंबट आहे असं लोक म्हणत, आणि मी ते कधी नाकारलं नाही. मिरजेत वाढले, तिथंच नर्सिंग शिकले, रविवारी चर्च आणि इतर दिवशी ड्युटी. लग्न केलं नाही. त्यामुळे सून-जावयांची कटकट आपल्या वाट्याला यायची नाही, असं मी मैत्रिणींना तोंड वर करून सांगायची. देवानं ते कुठंतरी ऐकून ठेवलं असणार.

तर हे जावई. खरं नाव आनंदा लोहार. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं खारकेसारखा सुकलेला, डोळे मात्र हसरे. एसटी स्टँडसमोरच्या ब्रास बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. वाजवायचा म्हणजे असा, की नवरदेवाचं घोडं आपोआप थांबावं. पण सुपारी संपली की बाटली, आणि बाटली संपली की आम्ही. महिन्यातून तीन-चारदा तरी अ‍ॅम्ब्युलन्स त्याला घेऊन यायची. कधी गटारात पडून डोकं फुटलेलं, कधी फिट आलेली, कधी छातीत कळ, कधी नुसतंच पोटात काही नाही म्हणून साखर उतरलेली. आला की पंख्याखालची कॉट मागायचा. चहात साखर कमी पडली तर तोंड वाकडं करायचा. आणि सलाइन संपून अंगात जरा धुगधुगी आली, की कुणाला न विचारता पसार. असा वाजतगाजत येणारा, मान मागणारा आणि न सांगता जाणारा माणूस म्हणजे जावईच की, असं म्हणून मावशीनं ते नाव ठेवलं. नाव पडलं ते पडलंच. वॉचमनपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला जावईच म्हणायचे.

एकदा तर आमची सलाइनची सुई हातात तशीच घेऊन तो पळाला. दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबवाल्याच्या भावाची वरात होती. बघते तर काय, घोड्यापुढं जावई, हातावर आमची चिकटपट्टी, आणि तोंडात क्लॅरोनेट. मी वरात थांबवून भर रस्त्यात ती सुई काढली. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि पुढचं गाणं सुरू केलं. लोकांना वाटलं, सिस्टरबाईंनी बक्षीस दिलं.

त्या मे महिन्यातल्या सकाळी मात्र तो हसत नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्सचा पायलट हणमंता, म्हणजे तिचा ड्रायव्हर, स्ट्रेचर ढकलत धावतच आला. शर्टावर उलटी होती आणि उलटीत रक्त. माझा राग जागच्या जागी जिरला. हात आपोआप चालू लागले, शीर सापडेना तर मी मनातल्या मनात प्रार्थनाही केली आणि शिव्याही दिल्या.

आमचे डॉक्टर तांबोळी तेव्हा नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले. सोलापूरचे. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती, पण डोकं थंड. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. मग त्यांनी स्टूल ओढलं, आनंदाच्या उशाशी बसले आणि त्याला सगळं सरळ सांगितलं. लिव्हर हात जोडून उभं आहे, जठर सोललं गेलंय. या वेळी थांबलं. पुढच्या वेळी थांबेलच याची खात्री नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात दारू सोडवण्याचा वॉर्ड आहे, सोमवारी तिथं कॉट मिळते, मी बोललोय. पण दोन गोष्टी. एक, सोमवारपर्यंत इथून हलायचं नाही. औषधांशिवाय एकदम दारू तोडली तर फिट येऊन मरशील, आणि बाहेर जाऊन प्यालास तरी मरशील. आणि दुसरं, तिथं सोबत घरचं माणूस राहावं लागतं. त्याशिवाय घेत नाहीत.

"माझं घरचं कोण न्हाई, सायेब," आनंदा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

बायको होती, पण ती कधीच सोडून गेलेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती कुठं असते ते त्याला विचारलं तर मान हलवायचा. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, सिस्टर, याला सोमवारपर्यंत धरून ठेवा, सोबतीचं मी बघतो काहीतरी. मी म्हटलं, वाऱ्याची मोट बांधायला सांगा, ती बांधीन.

पहिले दिवस औषधाच्या गुंगीत गेले. हात थरथरायचे, घाम फुटायचा, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. मावशी चमच्यानं पेज भरवायची. शुक्रवारी सकाळी त्याचे हात थांबले. हात थांबले की याचे पाय सुटतात, हा आमचा अनुभव. मी ड्रेसिंगला वळले तेवढ्यात बघते तर हे दारात. शर्ट घातलेला, चपला काखेत.

मावशी नेमकी तिथंच फरशी पुसत होती. ओल्या फरशीवर पाय उमटतील म्हणून ती वैतागली आणि फडकं आडवं धरून म्हणाली, "अवो जावईबापू, अधिक चाललाय. अधिकात धोंडं खाल्ल्याबिगर सासुरवाडीचा उंबरा वलांडायचा नसतो. आमाला पाप लागंल."

ती हे अगदी सहज बोलली. तिचं लक्ष फरशीकडं होतं. पण आनंदाचा उचललेला पाय तसाच राहिला.

हे अधिक प्रकरण मलाही मावशीकडूनच कळलं होतं. आमच्यात अधिक नाही आणि उणाही नाही. पंचांगात तीनेक वर्षांनी एक जादाचा महिना येतो. त्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे बँडवाले बसून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आनंदाच्या बाबतीत अगदी शब्दाला शब्द खरा होता. सुपारी नाही, काम नाही, मग दिवसभर दुसरं करायचं काय. पण याच महिन्यात लोक लेक-जावयाला घरी बोलावतात. पाय धुतात, ओवाळतात, नवे कपडे देतात आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खायला घालतात. त्या महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण.

"कधी हाय?" आनंदानं विचारलं.

"काय कधी?"

"धोंडं."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात पुरणाला हात लावला नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, "परवा. रविवारी दुपारी."

"मग थांबतो," तो म्हणाला, आणि वळून कॉटवर जाऊन बसला. चपला त्यानं कॉटखाली नीट जोडून ठेवल्या.

सगळा वॉर्ड हसला. हात मोडलेला बाप्या तर हसता हसता कळ येऊन परत बोंबलला. आनंदा तेवढा हसला नाही. तो विचारात पडला होता. थोड्या वेळानं त्यानं मला बोलावून हळूच विचारलं, पाय कोण धुणार, ओवाळणार कोण, आणि सासऱ्याच्या जागी कोण उभं राहणार. शेकडो लग्नांत वाजवलेला माणूस, रीतीभाती त्याला भटजीपेक्षा पाठ. मी म्हटलं सासू मी आणि सासरे डॉक्टर. डॉक्टरांना सांगायला गेले तर ते खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, सिस्टर, माझं अजून लग्न ठरलं नाही आणि तुम्ही मला पंचेचाळीस वर्षांचा जावई करून देताय. पण नाही म्हणाले नाहीत. उलट आईला फोन करून सासऱ्यानं डोक्यावर काय घालायचं असतं ते विचारून घेतलं.

शनिवारी गोळ्या द्यायला गेले तेव्हा आनंदा उठून बसला होता.

"शिस्टर, एक चुकतंय."

"आता काय राहिलं बाबा?"

"जावयाला एकट्याला धोंडा देत न्हाईत. लेक लागती शेजारी. लेक हाय म्हणून जावई. न्हाईतर मी कोण? रस्त्यावरचा बँडवाला."

एवढं बोलून त्यानं गोळी गिळली आणि पाणी पिताना माझ्याकडं बघायचं टाळलं. त्याची बायको कुठं आहे हे ठाऊक असतं तर मी सोबतीसाठी आधीच पायपीट केली असती. बाहेर व्हरांड्यात येऊन मी हणमंताला हे सांगितलं, नुसतं जीव हलका करायला. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मालनवैनी? ती काय, मंडईच्या मागं राहती. साड्यांना फॉल लावती."

तुला कसं ठाऊक, मी विचारलं.

"दर बारीला फोन तीच करती की. मी गाडी घेऊन गेलो की लांब उभी असती, पदर तोंडाला लावून. गाडी हालली की जाती. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

मी त्याला तिथंच धुतला. एवढी गोष्ट पोटात ठेवून हा माणूस आमच्या व्हरांड्यात चहा ढोसत होता. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं त्याचं उत्तर. मावशीला हाताला धरून मी तशीच भर उन्हात मंडईकडं निघाले. मावशीनं वाटेत हळद-कुंकवाच्या पुड्या घेतल्या. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, आमंत्रण असं कोरडं देतात का कधी, तुमाला काय बी कळत न्हाई.

मालन दारात मशीन टाकून बसली होती. तिथून स्टँडचा चौक आणि बँडाचं दुकान सरळ दिसत होतं. माझा पांढरा ड्रेस बघितला आणि तिच्या हातातली साडी गळून पडली. ती उभी राहिली. मी घाईघाईनं म्हटलं, बाई, बरा आहे तो, जिवंत आहे, चांगला आहे. तेव्हा कुठं ती खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

पाणी प्याली. मग ताठ झाली. म्हणाली, "सिस्टर, मी त्यांना सोडलंय. त्या घरात परत जायची न्हाई. मरू नयेत म्हणून फोन करते, तेवढंच."

मला सोबतीचं बोलायचं होतं. वॉर्ड, नियम, सोमवार, सगळं तोंडाशी आलं होतं. मावशीनं मला कोपरानं ढोसलं आणि पुढं सरकली.

"आमी त्याच्यासाठी आलोच न्हाई," ती म्हणाली. "लेकीला माहेरी न्यायला आलोय. उद्या धोंड्याचं जेवान हाय. तू यायचंस."

"कुणाच्या माहेरी?"

"तुज्या. दवाखान्यात."

मालननं आधी मावशीकडं, मग माझ्याकडं बघितलं, आम्ही चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग हळूहळू तिनं सांगितलं. आईबाप लहानपणीच गेले. चुलत्यानं वाढवलं. चुलत बहिणीच्या लग्नात हा क्लॅरोनेट वाजवायला आला आणि हिनं त्याच्यासाठी घर सोडलं. चुलत्यानं दार लावून घेतलं ते कायमचं. तिला माहेर असं कधी मिळालंच नाही, आणि त्याला सासुरवाडी. पहिल्या अधिकात त्यानं स्वतःच्याच कमाईतून एक टोपी आणली, डोक्यावर घातली आणि गल्लीभर सांगत फिरला, सासऱ्यानं पाठवली म्हणून. पुढच्या अधिकातही तेच. हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

"बघते," ती शेवटी म्हणाली. येते असं नाही म्हणाली.

रविवारी सकाळपासून इस्पितळात पुरणाचा वास. मावशीनं घरून पुरण वाटून आणलं होतं आणि स्वयंपाकघरात धोंडे उकडायला लावले होते. ड्रेसिंग रूमच्या मागच्या व्हरांड्यात दोन पाट मांडले. परात कुणी आणली नाही म्हणून पाय धुवायला ड्रेसिंगचं मोठं स्टीलचं ताट घेतलं, आणि निरांजन ठेवलं माझ्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये. डॉक्टर तांबोळी काळी टोपी घालून आले तेव्हा मावशीनं त्यांची दृष्ट काढली. ज्यांना चालता येत होतं ते पेशंट भिंतीला टेकून बसले. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या कॉट आम्ही दारापर्यंत सरकवल्या. म्हातारी तर भोवळ विसरून ओवीच म्हणायला लागली.

आनंदा दाढी करून पाटावर बसला. डॉक्टरांनी पाणी घातलं, मी पाय धुतले. एरवी मी त्या पायांवरच्या जखमा नाक मुरडून धुतल्या होत्या. ओवाळलंही मीच. मावशीनं केशरी टॉवेल आणि नवीकोरी टोपी त्याच्या हातात दिली, आणि त्यानं टोपी उलटसुलट करून पुन्हा पुन्हा बघितली. मग पानात धोंडे पडले, तुपाची धार पडली. शेजारचा पाट रिकामा होता; मालनला बोलावलंय हे आम्ही त्याला सांगून ठेवलं होतं.

"घ्या जावईबापू, गार होतंय," डॉक्टर म्हणाले.

"लेक येऊ दे, मामा."

पंचविशीतल्या डॉक्टरांना मामा म्हटल्यावर हसू फुटायला हवं होतं. पण कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा रिकाम्या पाटाकडं. वेळ जात राहिला. तूप थिजलं. मला मावशीचा राग यायला लागला. नसतं काही ठरवून बसली, आता मालन आली नाही तर हा सोमवारची वाट कशाला बघेल? तेवढ्यात आतून कुणाचं तरी सलाइन संपल्याची हाक आली, मी उठून गेले. परत येते तर दुसराही पाट रिकामा. आनंदा नव्हता, आणि कॉटखालच्या चपलाही नव्हत्या.

डॉक्टर टोपीसकट धावले, त्यांच्या मागं हणमंता, त्याच्या मागं मी. मी पळता पळता त्याला मनात काय काय म्हटलं ते चर्चमधल्या कुणाला सांगण्यासारखं नाही. फाटकापाशी आलो आणि तिघंही थांबलो.

आनंदा फाटकात उभा होता. डोक्यावर नवी टोपी, गळ्यात टॉवेल, आणि हात डोळ्यांवर धरून तो रस्त्याकडं बघत होता. रस्त्यानं मालन येत होती, हिरवी साडी नेसून, हातात कापडी पिशवी. आमच्याकडं वळून तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "पळालो न्हाई, मामी. लेकीला फाटकापासनं आणायची असती, तुमच्यातलं कुणी उठंना, म्हणून मीच आलो."

मामी. त्या दिवसापर्यंत मी सगळ्या तालुक्याची सिस्टर होते. मला काय झालं कोण जाणे, मी त्याला एक चापट मारली आणि मग जाऊन मालनला मिठी मारली. फाटकापाशी मावशीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आम्ही तिला मिरवत आत नेलं.

दोघं शेजारी बसली. सुरुवातीला एकमेकांकडं बघेनात. मग आनंदानं धोंडा मोडला, अर्धा तिच्या पानात ठेवला आणि खालमानेनं बोलला. "तुमी सगळी मला चेष्टेनं जावई म्हणायचा. मला ठावं हाय. पर मी खरं धरून चाललो व्हतो."

तेव्हा हणमंता भिंतीपासून म्हणाला की गाडीत घातल्यावर कुठं नेऊ म्हणून विचारलं, तर शुद्ध असली-नसली तरी याचं एकच उत्तर असायचं, सासुरवाडीला ने. वाटेत दुसरा दवाखाना लागतो, तिथं उतरायला तयार नसायचा. इतकी वर्षं आम्ही डोक्याला हात लावत होतो, की हा परत परत आमच्याचकडं का येतो. मावशी एकदम उठून आत गेली, तूप आणायला म्हणून, आणि तूप न घेताच डोळे पुसत परत आली.

जेवणं झाली. मालननं सात धोंडे खाल्ले असं मावशी अजून सांगते. डॉक्टरांचं लक्ष मात्र पिशवीकडं होतं. त्यांनी घसा खाकरून, अगदी सासऱ्याच्या आवाजात विचारलं, "किती दिवस राहणार मग?"

मालन म्हणाली, "माहेरी आल्यावर असं विचारतात व्हय?" मग पिशवी पुढं ओढून घेतली. तिच्यात दोन साड्या, तांब्या आणि फॉल लावायचं सामान होतं. "हणमंतभावजींनी सोमवारचं सांगितलंय. मी जाते सोबत. घरी परत जायचं का न्हाई ते तिथनं आल्यावर बघू. त्यांनी नीट ऱ्हाऊन दाखवावं आधी." मी हणमंताकडं बघितलं. न विचारता त्यानं आयुष्यात सांगितलेली ही पहिली गोष्ट असावी.

सोमवारी सकाळी मावशीनं मालनची ओटी भरली. हणमंतानं सवयीनं मागचं दार उघडलं आणि स्ट्रेचर ओढायला गेला. आनंदा पुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, जावई माणूस आडवा जात न्हाई. आणि स्वतःच्या पायानं चढून, बायकोच्या शेजारी, ताठ बसला. टोपी सरळ केली. त्याच्या मांडीवर क्लॅरोनेटची पेटी होती. ती बँडाच्या मालकाकडून मालननं पहाटेच आणून ठेवली होती.

सगळं तिथंच गोड झालं असं सांगितलं तर मी खोटारडी ठरेन. त्या दिवाळीत तो एकदा घसरला. पण त्या वेळी अ‍ॅम्ब्युलन्सनं आला नाही. मालनच्या खांद्याला धरून चालत आला आणि मान वर करेना. मी त्याला असा फाडून खाल्ला, की शेजारच्या कॉटवरच्या माणसानंही दारू सोडायची शपथ घेतली. सासू म्हणून तो माझा हक्कच होता. पुन्हा औषधं, पुन्हा तो वॉर्ड, आणि त्यानंतर मात्र कॅज्युअल्टीत त्याची कॉट कायमची रिकामी झाली. मालन त्याच्या घरी गेलीच नाही; दोघांनी मंडईमागंच मोठी खोली घेतली. नवरदेवांची घोडी अजून त्याच्या क्लॅरोनेटला थांबतात, फक्त वरात संपली की तो ताक पितो.

मी निवृत्त होऊन मिरजेला परत आले. यंदा अधिक आहे. महिनाभर आधीच मालनचा फोन आला, "आई, कधी येऊ?" आता मला पुरण जमतं, मावशी येऊन नावं ठेवते ती निराळी. काल दुपारी दोघं आली. जावई दाराबाहेरच थांबले, पाय धुतल्याशिवाय आत येईनात. टोपी जरा कळकट दिसली तेव्हा मीच बोलले, तर म्हणाले, मामी, नवी द्यायची तुमच्याकडंच हाय. असे हे. चहात साखर कमी पडली तर तोंड अजून वाकडं होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या नव्या बाई हे सगळं दारातून बघत होत्या. पाहुणे आत गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, हे कोण म्हणून. माझे जावई, मी म्हटलं. त्या गोंधळल्या. मी अविवाहित हे त्यांना सोसायटीत कळलेलं.

"अहो, पण तुम्हाला मुलगी कधी झाली?"

"अधिक महिन्यात," मी म्हटलं, आणि धोंडे गार होतील म्हणून दार लावून घेतलं.